खासगी पत्राचा सार्वजनिक न्याय : गोखले यांचे बसू यांना पत्र (१९१४)

राजकारणी पुरुषांची खासगी पत्रे इतिहासाची साधने म्हणून वाचली जातात. परंतु पत्र या लेखनप्रकाराचे स्वतःचे काही धर्म असतात, याची दखल तसे वाचताना क्वचितच घेतली जाते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी डिसेंबर १९१४ मध्ये भूपेंद्रनाथ बसू यांना लिहिलेले इंग्रजी पत्र या दृष्टीने पुन्हा तपासण्याजोगे आहे.

१९०७ साली सुरतेस पडलेली काँग्रेसमधील फूट सांधण्याचा यत्न, टिळक जून १९१४ मध्ये मंडालेहून परतल्यावर, ॲनी बेझंट यांनी आरंभिला. काँग्रेसचे चिटणीस सुब्बाराव पंतलू यांच्यासह त्या पुण्यास आल्या. प्रतिनिधींच्या निवडणुकीचे नियम सैल करून राष्ट्रीय पक्षास वाट मोकळी करावी, या सूचनेस गोखले प्रथम अनुकूल होते. टिळकांशी झालेल्या संभाषणाचा वृत्तांत सुब्बारावांकडून कळताच त्यांचे मत पालटले. आणि मद्रास अधिवेशनाचे नियोजित अध्यक्ष असलेल्या आपल्या मित्रास त्यांनी ते पालटलेले मत गोपनीय पत्राने कळविले.

त्या पत्राचा आशय थोडक्यात असा : टिळकांस साम्राज्यांतर्गत स्वराज्याचे ध्येय मान्य आहे, पण काँग्रेसची कार्यपद्धती मान्य नाही, घटनेच्या मर्यादेत राहून सरकारास निव्वळ विरोध करावा, आयरिश पुढाऱ्यांप्रमाणे अडवणूक करावी, आणि बहुमत मिळवून काँग्रेस आपल्या धोरणाकडे वळवावी, असा त्यांचा हेतू आहे. यात निंदा नाही. प्रतिपक्षाच्या धोरणाचे, आपल्या भीतीसह केलेले, निरूपण आहे. विशेष म्हणजे ‘घटनेच्या मर्यादेत’ ही अट गोखल्यांनी गाळलेली नाही.

मद्रासेस मात्र हे पत्र पत्र राहिले नाही. त्याची कुजबूज झाली, आणि टिळक सरकारवर बहिष्कार घालू पाहतात, असा आरोप त्यातून उभा राहिला. बेझंटबाईंच्या तारेस टिळकांनी तारेनेच स्पष्ट नकार कळविला. तथापि नियमबदलाचा प्रश्न समितीकडे जाऊन लांबणीवर पडला. टिळकांचे बोलणे, सुब्बारावांचे निवेदन, गोखल्यांचे पत्र, मद्रासची कुजबूज, बेझंटबाईंची तार अशा क्रमाने मजकूर हातोहात गेला, आणि प्रत्येक हाती त्याची मर्यादासूचक विशेषणे गळत गेली. ‘अडवणूक’ आणि ‘बहिष्कार’ हे पर्यायशब्द नव्हेत. चतुःसूत्रीतील एक सूत्र म्हणून ‘बहिष्कार’ या शब्दास १९०५ नंतरच्या चळवळीचा सारा इतिहास चिकटलेला होता. राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा भोगून नुकत्याच आलेल्या आणि ऑगस्ट १९१४ मध्ये युद्धप्रसंगी राजनिष्ठेचे जाहीर पत्रक काढलेल्या टिळकांस तो शब्द धोक्याचा होता.

पत्र प्रसिद्ध करावे ही टिळकांची मागणी म्हणूनच अवास्तव ठरत नाही; आणि खासगी पत्र चव्हाट्यावर मांडणे गोखल्यांस अप्रशस्त वाटले, यातही नवल नाही. या वादात एकास सत्यप्रिय व दुसऱ्यास कारस्थानी ठरविणारे दोन्हीकडचे अभिमानी लेखन मूळ प्रश्न टाळते. मित्राजवळ मन मोकळे करणे हा पत्राचा धर्म खरा. परंतु नियोजित अध्यक्षास, अधिवेशनाच्या तोंडावर, निर्णयावर परिणाम व्हावा म्हणून लिहिलेले पत्र केवळ मैत्रीचे उरत नाही. ज्या पत्राने सार्वजनिक कार्य घडते, त्यास खासगीपणाचे पूर्ण संरक्षण मागता येत नाही. गोखल्यांचा दोष मजकुरात नाही. एकाच कागदावर मित्र आणि अध्यक्ष या दोघांस उद्देशून लिहिण्यात आहे. बसूंची जबाबदारीही याच जागी सुरू होते, कारण दोन नात्यांपैकी कोणत्या नात्याने ते पत्र वाचावयाचे, हे ठरविणे त्यांच्या हाती होते.

वाद चालू असतानाच १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, गोखले निवर्तले. टिळक सिंहगडाहून आले आणि स्मशानभूमीवर त्यांनी एकेकाळच्या फर्ग्युसन कॉलेजातील या सहकाऱ्याचा मुक्तकंठाने गौरव केला. पत्रातून आणि अग्रलेखांतून जे एकमेकांस सांगता आले नाही, ते असे एकतर्फीच सांगितले गेले. पुढे १९१६ मध्ये लखनौस टिळक काँग्रेसमध्ये परतले. गोखल्यांना ज्याची भीती वाटत होती, ते घडले. पत्रातील अंदाज खरा ठरला. परंतु अंदाज खरा ठरल्याने पत्राचा उपयोग न्याय्य ठरत नाही. पत्राभ्यासकाने हे दोन निर्णय स्वतंत्रपणेच दिले पाहिजेत.