‘साउदादेस’ : एक तार आणि वाद्यवृंद

तालवाद्य हे साथीचे वाद्य, ही समजूत जॅझसंगीतातही सहजी मावळली नाही. तालवादकांनी स्वतःचे वृंद चालविले; तथापि स्वराचा भार बहुधा ट्रंपेट, सॅक्सोफोन वा पियानो यांवरच राहिला. ब्राझीलमधील रेसिफे येथील तालवादक नना वास्कोंसेलोस (१९४४–२०१६) यांची ‘साउदादेस’ ही ध्वनिमुद्रिका या समजुतीचीच परीक्षा घेते. तिचे मुद्रण १९७९ साली जर्मनीत झाले व ‘ईसीएम’ संस्थेने ती १९८० मध्ये प्रसिद्ध केली. स्टुटगार्ट नभोवाणीच्या वाद्यवृंदाचे संचालन म्लादेन गुटेशा यांनी केले आहे.

वास्कोंसेलोस यांचे प्रमुख वाद्य बेरिंबाउ होय. हे आफ्रिकी वंशाचे वाद्य म्हणजे तार ताणलेले एक धनुष्य. तारेवर बारीक काठीने आघात करावयाचा, गोटा वा नाणे टेकवून स्वर चढवावयाचा आणि धनुष्यास बांधलेला भोपळा पोटाशी जवळ-दूर करून नादाचा पोत पालटावयाचा, एवढीच त्याची सामग्री. मुख्य स्वर जेमतेम दोन. अशा वाद्यामागे युरोपीय तंतुवाद्यांचा ताफा उभा केला, तर ते प्रदर्शनातील नवलाईची वस्तू ठरण्याचा धोका उघड आहे.

सुमारे एकोणीस मिनिटांच्या ‘ओ बेरिंबाउ’ या पहिल्या रचनेत हा धोका टळला आहे. वाद्यवृंद दीर्घकाळ मौन पाळतो. त्या मौनात श्रोत्याचे लक्ष स्वरांच्या संख्येवरून नादाच्या छटांकडे वळते, आणि दोन स्वरांतील वैविध्य प्रतीत होते. येथे दारिद्र्य वाद्याचे नसून ऐकण्याच्या सवयीचे होते, हे ध्यानात येते.

हा तोल सर्वत्र टिकला आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. तंतुवाद्ये जेथे भावुक विस्तार करू लागतात, तेथे आघाताची धार बोथट होते. याउलट ‘सेगो अदेराल्दो’मध्ये एग्बेर्तो जिस्मोंती यांच्या गिटारशी होणारा संवाद समानांचा वाटतो, कारण दोघांनाही तारेची आणि आघाताची भाषा अवगत आहे.

‘साउदादेस’ या पोर्तुगीज शब्दात दुरावलेल्याची हुरहूर आहे. ती येथे व्यक्त होते ती वाद्यवृंदाच्या वैभवामुळे नव्हे, तर त्या वैभवापुढेही एका तारेने आपला स्वभाव सोडला नाही म्हणून. या ध्वनिमुद्रिकेचे यश तेथेच आहे.