कवीचा परीक्षक कोण?

काव्यप्रयोजनाची चर्चा आपल्याकडे बहुधा मम्मटाने सांगितलेल्या सहा प्रयोजनांपासून सुरू होते व पुष्कळदा तेथेच संपते. कवींनी आपल्या काव्यातून स्वतःच जी साक्ष दिली आहे, तिच्याकडे आपण अलंकरण म्हणून पाहतो, विचार म्हणून नव्हे. हैदराबादच्या मराठी अभ्यासकाला तर अशी एक साक्ष घराशेजारीच उपलब्ध आहे.

मुल्ला वजही हा गोवळकोंड्याच्या महंमद कुली कुतुबशहाच्या दरबारातील कवी. १६०९ मध्ये रचलेल्या 'कुतुब मुश्तरी' या दखनी मसनवीत त्याने काव्यविवेचनासाठी स्वतंत्र प्रकरण योजिले आहे. शब्द व अर्थ यांचा मेळ असावा. विस्कळीत अशा पंचवीस बैतांहून एक सुबोध बैत बरी, असे त्याचे मत. फिरोज व महमूद हे पूर्वसूरी आज हयात असते तर आपल्या रचनेचे चीज झाले असते, असेही तो म्हणतो. यात आत्मस्तुती आहेच. परंतु राजाश्रयावर जगणाऱ्या कवीला गुणज्ञ म्हणून दिवंगत कवींची आठवण व्हावी, ही गोष्ट अर्थपूर्ण होय.

त्याच शतकात देहूच्या तुकोबांनी आपल्या कवित्वाचे मूळ सांगितले. नामदेव पांडुरंगासह स्वप्नात आले आणि अभंगांची अपुरी राहिलेली संख्या पुरी करण्याची आज्ञा झाली. येथे कारागिरीचा अभिमान नाही. कवी केवळ मापारी आहे. वजहीला पूर्वसूरी हवे आहेत ते परीक्षक म्हणून. तुकोबांच्या लेखी नामदेव हे धनको आहेत.

या दोन साक्षींतून काव्याची एकच व्याख्या निघत नाही, आणि ती काढण्याचा अट्टहासही करू नये. कवी काव्याविषयी बोलतो तेव्हा आपण कोणाला उत्तरदायी आहोत, याची तो कबुली देत असतो. त्या कबुलीने सर्व काव्य मोजणे अन्यायाचे; तिने त्या कवीचे काव्य मोजणे मात्र टीकाकाराचे कर्तव्यच ठरते. वजहीची बैत सुबोध आहे काय, तुकोबांचा अभंग ऋणमुक्तीच्या तळमळीतून आला आहे काय, हेच प्रश्न खरे.

दखनीतील निश्चयार्थक 'च' मराठीतून आलेला आहे. त्या भाषेतील काव्यविचार आपण परका मानला, तर उणेपणा आपल्याच विचाराला येईल.