लाकूड म्हणजे स्पंज नव्हे

'पावसाळ्यात दार का अडकते?' या प्रश्नाचे शालेय विज्ञानातील उत्तर ठरलेले आहे : लाकूड स्पंजसारखे पाणी शोषून फुगते. उत्तर सोपे आहे आणि मुलांना पटतेही. पण त्यातून लाकडाविषयी चुकीची कल्पना रुजते.

स्पंजमध्ये पाणी छिद्रांत साठते. दाराला मात्र पावसाचा थेंबही लागावा लागत नाही. हवेतील वाफेचे रेणू पेशीभित्तिकांत शिरतात आणि सेल्युलोज व हेमिसेल्युलोजच्या हायड्रॉक्सिल गटांना हायड्रोजन बंधांनी चिकटतात. त्यांना जागा देताना भित्तिका फुगतात. पाण्याचे प्रमाण कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्के झाले, की भित्तिका तृप्त होतात. त्यापुढचे पाणी पेशींच्या पोकळ्यांत साठते. वजन वाढते, पण लाकूड फुगत नाही. म्हणजे उपमा जेथे खरी लागू पडते, तेथे फुगणे थांबलेले असते!

दुसरी उणीव दिशेची. ओला साग पूर्ण वाळताना वाढवलयांना समांतर सुमारे ५.८ टक्के, तर त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसतो. लांबीतला फरक नगण्य असतो. दार रुंदीत अडकते, उंचीत सहसा नाही, ते यामुळेच. स्पंजवरून हे कसे कळणार?

तिसरी उणीव, सगळी लाकडे एकसारखी मानण्याची. ९० टक्के सापेक्ष आर्द्रतेला लाकडात सुमारे २० टक्के पाणी असते, असे सर्वसाधारण तक्ते सांगतात. सागात ते १५ टक्क्यांच्या आसपासच राहते. त्याच्या भित्तिकांतील काही जागा अर्कद्रव्यांनी आधीच व्यापलेली असते. दारांसाठी सुतार साग का पसंत करतात, याचे एक कारण येथे सापडते.

उपमा टाकूनच द्यावी असे नाही. खालच्या वर्गांत ती चालेल. वरच्या वर्गांत तिची मर्यादा दाखवलीच पाहिजे. त्यासाठी एकाच फळीतून दोन पातळ पट्ट्या कापा, एक रेषांच्या दिशेने, दुसरी आडवी. प्रत्येकी १० सें.मी. लांब. उन्हात वाळवून त्यांचे वजन करा आणि व्हर्नियरने लांबी मोजा. मग मिठाचे संपृक्त द्रावण असलेल्या झाकणबंद बरणीत, द्रावणाला न टेकवता, दोन आठवडे ठेवा. तेथे सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्के राहते. वजन दोन्हींचे वाढेल. लांबी मात्र आडव्या पट्टीचीच लक्षात येण्याइतकी वाढेल. ठरलेले उत्तर अपुरे का, हे मग विद्यार्थीच सांगतील.