नारू : ज्ञान परळात, पायरी विहिरीत

नारूचा इतिहास आपल्याकडे दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक तऱ्हा शोधाची : कोणत्या शास्त्रज्ञाने कोणत्या साली काय पाहिले. दुसरी विजयाची : सरकारी मोहीम, घटत गेलेले आकडे आणि शेवटी प्रमाणपत्र. दोन्ही खऱ्याच आहेत. पण दोन्हींच्या मधली सुमारे सत्तर वर्षे कोणीच लिहीत नाही. माझा आक्षेप या गाळलेल्या पानांबद्दल आहे.

'कारू-नारू'मधला नारू वेगळा. हा नारू म्हणजे माणसाच्या कातडीखाली वाढणारा, मीटरभर लांबीचा, दोऱ्यासारखा जंत. पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा ठिपक्याएवढा जीव त्याच्या अळ्या गिळतो आणि माणूस पाण्याबरोबर सायक्लॉप्स गिळतो. साधारण वर्षाने पायावर फोड येतो, आग होते. रोगी गारव्यासाठी पाय पाण्यात बुडवतो, तशी मादी लाखो अळ्या पाण्यात सोडते. पायऱ्यांच्या विहिरीत पाणी भरायला पाय बुडवूनच उतरावे लागे. उन्हाळ्यात तळाला गेलेल्या पाण्यात सायक्लॉप्सची दाटी होई आणि वर्षाने, पुन्हा ऐन उन्हाळ्यात, फोड वर येई. औषध नाही, लस नाही. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा जंत ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळायचा.

अळी सायक्लॉप्समध्ये शिरते हे रशियन संशोधक फेदचेंको यांनी १८७०च्या सुमारास तुर्कस्तानात पाहिले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लायपर यांनी माकडावर प्रयोग केला. माणसाबाबतचा पुरावा मात्र मुंबईत मिळाला. परळच्या बॉम्बे बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरीत, म्हणजे पुढच्या हाफकिन संस्थेत, डॉ. डी. ए. तर्खड यांनी १९१३च्या सुमारास स्वयंसेवकांना बाधित सायक्लॉप्स पाजले आणि त्यांना नारू झाला. इंग्रजी इतिहासग्रंथांत या डॉक्टरांचे नाव 'डायनेश्वर आत्मारान टरखुड' असे विपर्यस्त छापलेले आढळते. 'ज्ञानेश्वर आत्माराम' हे नाव दुरुस्त करायला मराठी वाचकाला कोश लागत नाही. तरीही ते मराठीत कोणी दुरुस्त केले नाही, कारण हा प्रयोग मराठीत फारसा कोणी सांगितलाच नाही. आणि ज्यांनी ते पाणी प्यायले, ते या इतिहासात केवळ 'स्वयंसेवक' एवढेच उरले आहेत.

म्हणजे पहिल्या महायुद्धाआधीच सगळे कळले होते : पाणी गाळून प्या, विहिरीत पाय घालू नका. तर्खडांनी पुढे प्रतिबंधावरही लिहिले. १९३०च्या दशकात म्हैसूर संस्थानात मूर्ती आणि स्वीट यांनी विहिरींत सायक्लॉप्स खाणारे मासे सोडून पाहिले. देशव्यापी मोहीम मात्र १९८३-८४ साली सुरू झाली. १९८४ साली सात राज्यांतल्या १२,८४० गावांत ३९,७९२ रुग्ण मोजले गेले. महाराष्ट्र त्या सातांत होता. पायऱ्या बुजवल्या, हातपंप बसवले, गाळायला कापड दिले, पाण्यात टेमेफॉस टाकले. बारा वर्षांत, जुलै १९९६ मध्ये, देशातला शेवटचा रुग्ण जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला. फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला. जे बारा वर्षांत झाले, ते आधीच्या सत्तर वर्षांत का झाले नाही?

'लोक अडाणी होते' हे उत्तर मला मान्य नाही. भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांत जुने पाणवठे पाहत मी हिंडतो. मुंबईपासून हा मुलूख काही फार लांब नाही. मुंबईतला प्रयोग होऊन वीस वर्षे उलटण्याआधी, १९२०च्या दशकात, भोरजवळ आजचे भाटघर धरण उभे राहिले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती-फलटणकडच्या उसाला गेले. म्हणजे पैसा होता, दगड होता, इंजिनियर होते. डोंगरातली नदी अडवण्याएवढी शक्ती ज्या राजवटीकडे होती, तिला विहिरीच्या पायऱ्या बंद करून वर कठडा आणि रहाट बसवणे अवघड नव्हते. पण धरणाच्या पाण्यावर पट्टी वसूल होते, विहिरीच्या कठड्यावर नाही. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण या भागात उन्हाळ्यात अजून कानावर येते. तिला रोगाचाही अर्थ आहे, एवढीच भर मी घालतो.

म्हणून नारूचा इतिहास प्रयोगशाळेत सुरू करून प्रमाणपत्रावर संपवणे अपुरे आहे. जगात आता वर्षाला पंधरा-वीससुद्धा रुग्ण सापडत नाहीत. हा रोग पाहिलेली माणसे आपल्याकडेही थकत चालली आहेत. कोणत्या गावात पायऱ्या कधी बुजल्या, हातपंप कोणत्या साली बसला, तोवर पाणी भरायला कोण उतरत होते, हे त्यांना विचारायला हवे आणि ग्रामपंचायतीच्या दप्तराशी ताडून पाहायला हवे. गाळलेली सत्तर वर्षे तिथेच सापडतील.