‘कोर्ट’मधली माणसं

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात ओरिझोंती विभागातलं सर्वोत्तम चित्रपटाचं पारितोषिक मिळालं, पुढे राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळही. या यशाची चर्चा बहुधा पटकथेकडे वळते. हा सिनेमा पुन्हा पाहताना मला मात्र पात्रनिवडीची थोरवी अधिकाधिक जाणवत जाते. मृणाल देसाई यांचा कॅमेरा लांबवर स्थिर उभा असतो, क्लोजअपचा आधार नटाला जवळपास मिळतच नाही. अशा चौकटीत नुसत्या चेहऱ्यावर निभावून नेता येत नाही. बसणं, फाईल चाळणं, ताटकळणं, सगळंच खरं असावं लागतं.

लोकशाहीर नारायण कांबळेच्या भूमिकेत वीरा साथीदार आहेत. नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते, ‘विद्रोही’चे संपादक, अभिनय हा काही त्यांचा पेशा नव्हता. सुरुवातीला ते घरात मुलांची शिकवणी घेताना दिसतात, मग बाहेर पडतात आणि थेट मंचावर उभे राहतात. या दोन जागांमध्ये त्यांच्या देहात काही बदल होतो का, ते बघा. शिकवतानाचा साधेपणाच मंचावर चढतो, फक्त आवाज मोठा होतो. संभाजी भगत यांच्या गाण्यांतला जाब त्यामुळे आयुष्यभराच्या सवयीतून आल्यासारखा वाटतो. पुढे, गाण्यातून एका सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याच्या आरोपावरून कोर्टात वाद चालू असताना ते ज्या शांतपणे उभे असतात, ती शांतता तालमीत बसवून येणारी नाही.

न्यायाधीश सदावर्ते झालेल्या प्रदीप जोशी यांचं खरं काम आहे ते टंकलेखनासाठी सांगण्याच्या जागी. साक्षीदार बोलतो, ते ऐकतात आणि त्याचं बोलणं कोरड्या सरकारी इंग्रजीत बसवून सांगतात. आवाजाची पट्टी तीच, गतीही तीच. बिनबाह्यांचे कपडे घालून आलेल्या बाईचं प्रकरण ऐकायला नकार देतानाही त्यात कठोरपणा येत नाही. नियम सांगणाऱ्या माणसाची ती निर्मळ खात्री जोशींनी अचूक पकडली आहे. बचावाचे वकील झालेले विवेक गोम्बर हे चित्रपटाचे निर्मातेही. इथे त्यांच्याविषयी एवढंच म्हणतो की आपल्या भूमिकेला नायकपण चिकटू न देण्याचा संयम त्यांनी शेवटपर्यंत पाळला आहे.

मृत सफाई कामगाराच्या विधवेची भूमिका उषा बाने यांची आहे. साक्षीत त्या सांगतात की गटारात उतरण्याआधी नवरा दगड टाकून बघायचा. झुरळं बाहेर आली की समजायचं, आत हवा आहे. एवढं भयंकर वाक्य, पण त्याआधी श्वास घेणं नाही की नंतर थांबणं नाही. रोजच्या कामाची माहिती द्यावी तसं ते येतं आणि जातं. पुढे वकिलाच्या गाडीत मदतीचा विषय निघतो तेव्हा त्या पैसे नको म्हणतात, काम असलं तर सांगा म्हणतात. इथे एक हुंदका आला असता, तरी साक्षीतलं ते वाक्य उणावलं असतं. त्या तो येऊ देत नाहीत.

आणि गीतांजली कुलकर्णी! चित्रपटातलं सर्वांत अवघड काम त्यांच्या वाट्याला आलं आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात घडलेल्या या अभिनेत्रीला कधी कॅमेऱ्यासमोर न आलेल्या माणसांच्या पंक्तीत बसायचं होतं, आणि आपलं शिक्षण कुठे डोकावू द्यायचं नव्हतं. सरकारी वकील नूतन एकोणिसाव्या शतकातल्या कायद्याचं कलम वाचते तेव्हा त्यांचं इंग्रजी ऐकावं: घाईचं, सपाट, अर्थाकडे न बघता कागद संपवायला निघालेलं. संहितेतला शब्द न् शब्द तोलायला शिकलेल्या नटीनं शब्दांवरचं वजन असं काढून घ्यावं, ही फार वरच्या दर्जाची कारागिरी आहे. मग लोकलमध्ये शेजारणीशी साडीच्या गप्पा, नवऱ्याचा मधुमेह, मुलाला घेऊन घरी येणं, स्वयंपाक. पदर खोचण्यात दिवसभराचा शीण आहे, पण तो दाखवलेला नाही.

या जागी खलनायकी छटांसाठी नावाजलेली एखादी अभिनेत्री घेतली असती, तर प्रेक्षकानं पहिल्याच तारखेला निकाल देऊन टाकला असता. गीतांजलीबाईंची नूतन आपल्याला आवडू लागते. दुपारच्या सुट्टीत सहकाऱ्यांशी बोलताना ती सहज म्हणून जाते की या आरोपीला वीस वर्षं देऊन एकदाचं मोकळं व्हावं. त्यात द्वेष औषधालाही नाही. काम लवकर उरकावं एवढीच इच्छा आहे. ते वाक्य त्यांनी इतकं हलकं टाकलं आहे की आपण ते ऐकून पुढे जातो, आणि मग दचकून मागे वळतो.