शाहिरांचा फड आणि विजया — एका नव्या मताची छाननी

शाहिरी वाङ्मयासंबंधीं एक मत अलीकडे पुनःपुन्हां कानांवर येऊं लागलें आहे. तें असें कीं, पेशवाईच्या उत्तरार्धांतील तमाशाचा फड हा अमेरिकेंतील १९६९ सालच्या वुडस्टॉकच्या संगीतमेळ्याचा पूर्वज होय. तेथें ज्याप्रमाणें गांजाचा धूर, रात्रंदिवस चालणारें गाणें व रूढ समाजाविरुद्ध पुकारलेलें बंड हीं तिन्हीं एकत्र नांदलीं, त्याचप्रमाणें आमच्या फडांतही चिलीम, डफ व बंडखोरी यांचा त्रिवेणीसंगम झाला होता. मत चटकदार आहे, आणि तें मांडणारी मंडळी शाहिरांविषयीं आदर बाळगणारी आहे, हें आम्ही आरंभींच नमूद करतों. फडाच्या रात्रीं चिलीम फिरत असे, हेंही नाकारण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. परंतु तीन गोष्टी एके ठिकाणीं दिसल्या म्हणून त्यांतील एक दुसरीपासून उपजली, असें ठरत नाहीं. घट घडत असतां कुंभाराचें गाढव अंगणांत उभें होतें, एवढ्यावरून नैयायिक त्यास घटाचें कारण मानीत नाहींत. तें 'अन्यथासिद्ध' म्हणून बाजूस काढतात. प्रस्तुत मतांत चिलमीचें स्थान या गाढवासारखें आहे कीं काय, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

प्रथम वुडस्टॉकचाच विचार करूं. १९६९ च्या ऑगस्टांत न्यूयॉर्क संस्थानांतील बेथेल गांवाजवळ एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या जमिनीवर सुमारें ४ लाख लोक जमले. त्या देशांत १९३७ च्या कायद्यापासून गांजा हा गुन्हेगाराचा पदार्थ होऊन बसला होता. जो तो ओढी तो तेवढ्यानेंच कायद्याच्या कुंपणाबाहेर जाई. आणि व्हिएतनामच्या युद्धास विटलेल्या तरुणांस असें कुंपण ओलांडण्यांत निशाण फडकविल्याचा आनंद वाटला, यांत नवल नाहीं. त्या पाल्यास बंडाचा अर्थ बंदीनें दिला. त्याच मेळ्यांत, आणि त्यापूर्वीं १९६७ सालीं मॉंटेरे येथील मेळ्यांतही, पंडित रविशंकर यांनीं सतार वाजविली; तबल्यावर उस्ताद अल्लारखा होते. श्रोत्यांनीं त्यांस डोक्यावर घेतलें. पण तेथील नशेबाजीविषयींची आपली नापसंती पंडितजींनीं कधीं लपविली नाहीं, आणि वुडस्टॉकनंतर ते अशा मेळ्यांपासून दूरच राहिले. ज्या देशाची साक्ष त्या तरुणांनीं आपल्या चिलमीसाठीं काढली, त्या देशाचा प्रत्यक्ष कलावंत व्यासपीठावर बसून उलट साक्ष देत होता, ही गोष्ट नव्या मताच्या पुरस्कर्त्यांनीं लक्षांत घेतलेली दिसत नाहीं.

आतां आमच्याकडील स्थिति पाहूं. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडांत सोम ज्यांचा राजा अशा वनस्पतींत दर्भ व यव यांच्या पंक्तीस भंग बसविलेला आहे. पाणिनीनें पांचव्या अध्यायांत तीळ, उडीद व जवस यांच्या शेतांची नांवें साधतांना भंगेचें शेतही त्यांच्याच रांगेंत घेतलें. शार्ङ्गधरसंहितेंत ती अफूच्या शेजारीं 'व्यवायी' द्रव्यांत, म्हणजे पचनापूर्वींच सर्व शरीर व्यापणाऱ्या द्रव्यांत, पडते. निघंटूंत तिलाच 'विजया' हें भारदस्त नांव आहे. शेत, औषध, महाशिवरात्रीचा प्याला, बैराग्याची चिलीम, अशी तिची वाटचाल आहे. तींत कोठेंही राजाज्ञेचा भंग नाहीं, आणि शब्दसादृश्यावरून कोणी तसा काढूंही नये.

इंग्रजी अमलांत तर ती सरकारी उत्पन्नाची बाब झाली. मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या अबकारी कायद्यानें मद्याप्रमाणेंच मादक वनस्पतींच्या विक्रीचेंही नियमन केलें. परवाना असलेल्या दुकानांतून गांजा व भांग उघडपणें विकली जाई. ब्रिटिश पार्लमेंटांत प्रश्न निघाल्यावरून १८९३ सालीं मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालीं भांग-गांजाच्या चौकशीसाठीं आयोग नेमला गेला. त्यानें हिंदुस्थानभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या व पुढील सालीं अनेक खंडांचें प्रतिवृत्त सादर केलें. माफक सेवनानें विशेष अपाय होत नाहीं व सरसकट बंदीची आवश्यकता नाहीं, असा त्याचा निष्कर्ष होता. सेवन करणारे कोण? गोसावी, बैरागी, फकीर आणि अंगमेहनत करणारे कष्टकरी. जो पदार्थ दिवसाढवळ्या परवान्याच्या दुकानीं मिळे व ज्याच्या विक्रीवर सरकारचा खजिना भरे, तो ओढून कोणी कोणाविरुद्ध बंड पुकारलें म्हणावें? गांजावरील आजची सर्वदेशीय बंदी १९८५ च्या कायद्याची आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येंतून नुसता पाला, म्हणजे भांग, आजही वगळलेला आहे. १९८५ च्या डोळ्यांनीं पेशवाईकडे पाहिल्यानें हा सारा घोटाळा झाला आहे.

मग फडांत बंड नव्हतेंच काय? होतें; आणि चिलमीकडे बोट दाखविण्याच्या भरांत तेंच दृष्टीआड होतें, हा आमचा मुख्य आक्षेप. सोलापूरचा राम जोशी विद्वान् ब्राह्मणाच्या घरचा. तो धोंडी शाहिराच्या फडांत जाऊं लागला म्हणून वडील बंधु मुद्गल यांनीं त्यास घराबाहेर काढलें, असें परंपरा सांगते. पुढें पंढरपुरास त्यानें अध्ययन केलें. संस्कृत व मराठी यांची जी वीण त्याच्या लावणींत आढळते, ती घालण्यास व्युत्पन्न व सावध मनुष्य लागतो. त्याचा अपराध कोणता? शास्त्र्याच्या घरच्या मुलानें डफावर थाप मारून सर्व जातींच्या श्रोत्यांपुढें उभें राहावें, हा. संगमनेरच्या अनंत फंदीस अहिल्याबाई होळकरांनीं तमाशाकडून कीर्तनाकडे वळविलें, अशी आख्यायिका आहे. राम जोशीच्या बाबतींत तेंच श्रेय मोरोपंतांकडे जातें. या कथा खऱ्या असोत वा नसोत, समाजास काय खुपत होतें तें त्यांवरून कळतें. सोडावयाचा तो तमाशा. त्या कथांना चिलमीचें कांहींच सोयरसुतक नाहीं. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) हे रेठऱ्याच्या कुलकर्ण्यांच्या घरचे. त्यांनीं महार समाजांतील पवळेसह फड उभा केला, तेव्हां गांव बोललें तें या सहवासाविषयीं. स्नानसंध्या करून, विजयेचा प्याला घेऊन घरच्या ओटीवर झोपाळ्यावर बसणाऱ्या कोणा गृहस्थास त्याच गांवानें वाळींत टाकल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

राम जोशीसंबंधीं येथें एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. त्याची जी मूर्ति आज लोकांच्या मनांत आहे, ती बव्हंशी १९४७ च्या 'लोकशाहीर राम जोशी' या बोलपटानें घडविली. बाबूराव पेंटर व व्ही. शांताराम हे त्याचे दिग्दर्शक. दोघेही या करवीर नगरींत वाढलेले, म्हणून आम्हांस त्याचें कौतुक अधिकच. तथापि बोलपट हा पुरावा नव्हे. त्यावरून शाहिराच्या व्यसनांचा इतिहास लिहिणें म्हणजे शाकुंतलावरून दुष्यंताची कालगणना ठरविण्यासारखें आहे.

गायनाच्या दृष्टीनें नशेचा विचार आमच्या पूर्वजांनीं कसा केला असता, याची दिशा देवगिरीस यादव सिंघणाच्या आश्रयानें तेराव्या शतकांत लिहिलेल्या संगीतरत्नाकरांत सांपडते. शार्ङ्गदेवानें गायकाचे २५ दोष सांगितले आहेत. त्यांत डोळे मिटून गाणारा 'निमीलक' आहे, स्थानावरून ढळणारा आहे, 'अव्यवस्थित' आहे, अक्षरें अस्पष्ट उच्चारणारा 'अव्यक्त' आहे, आणि लक्ष नसलेला 'अनवधान' आहे. गायकानें काय प्राशन केलें याची विचारपूस या यादींत नाहीं. गळ्यांतून काय निघालें तें कानानें पारखलें आहे. सवाल-जबाबाच्या फडासही हीच कसोटी लागते. समोरच्या कलगीवाल्यानें टाकलेलें कोडें त्याच चालींत, त्याच यमकांत, तत्काळ सोडविणाऱ्या तुरेवाल्यास अनवधान परवडत नाहीं. रात्रभर जो हरला नाहीं, त्याची बुद्धि रात्रभर जागी होती.

महाराष्ट्रांत ज्या गाण्यानें खरोखर समाजव्यवस्थेस हात घातला, त्यानें ही मादकता बुद्ध्या दूर ठेविली. तंबाखूची नळी तोंडीं धरून भांगेस साधन मानणाऱ्या कलियुगांतील संतांची तुकोबांनीं गाथेंत केलेली संभावना प्रसिद्ध आहे. ज्या वारींत सर्व जातींचे लोक एकाच टाळाच्या ठेक्यावर गात पंढरीची वाट चालतात, तिची तुळशीची माळ घालतेवेळीं व्यसनें सोडावीं लागतात. पुढें जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापिला, आणि १८८० मध्यें पुणें नगरपालिकेचे सभासद असतां दारूच्या दुकानांच्या वाढीस लेखी विरोध केला. त्यांच्या अनुयायांनीं जलसा निर्माण केला. ढोलकी तीच, गणापासून वगापर्यंतचा सांगाडाही बव्हंशी तमाशाचाच. मात्र गौळणींतील शृंगार जाऊन त्याच्या जागीं भटशाहीची झडती, मुलामुलींच्या शिक्षणाचा उपदेश व व्यसनांची निंदा आली. १९११ मध्यें शाहू छत्रपतींच्या प्रोत्साहनानें कोल्हापुरांत सत्यशोधक समाज पुन्हां उभा राहिल्यावर या भागांतील खेड्यांपाड्यांत जलशांस जोर चढला. त्याच वाटेनें नाशिककडील भीमराव कर्डक यांचा आंबेडकरी जलसा गेला. गांवच्या पाणवठ्यावर हक्क सांगणारें गाणें ज्या मंडळींनीं मार खाण्याची तयारी ठेवून गाइलें, त्यांच्या बंडाची मोजदाद चिलमीच्या मापानें केली तर तीं बिचारीं बंडखोरच ठरत नाहींत! एवढी उलटी गणना ज्या मतानें होते, त्या मतांत कांहींतरी मूलभूत चूक असली पाहिजे.

आणखी एक बोचरी गोष्ट. तमासगीर म्हणजे नशेबाज, ही शिवी पांढरपेशा समाजानें कोल्हाटी, महार, मांग कलावंतांस पिढ्यान्पिढ्या दिली. मंगल कार्यास त्यांना बोलवावयाचें, पहाटे बिदागी देतांना नाक मुरडावयाचें, आणि त्यांच्या कलेचें श्रेय त्यांच्या चिलमीस द्यावयाचें, असा तो शिरस्ता होता. नवें मत तीच शिवी उचलून तिच्यावर स्तुतीची कल्हई चढवितें. ज्यांच्यावर ती उधळली जाते, त्यांच्या अंगीं शब्दांची बैठक, ताल, पाठांतर व कष्ट होते, हें दोन्ही पक्षीं सारखेंच विसरलें जातें. गोव्याचा दाखला देणाऱ्यांसही आम्ही हेंच विचारतों. हणजुणच्या किनाऱ्यावर जमलेल्या परदेशी तरुणांच्या मेळ्यावरून गोमंतकाच्या संगीताची ओळख करून देतांना, त्याच गोमंतकांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर व त्यांनीं उस्ताद अल्लादियाखां यांच्यापाशीं वर्षानुवर्षें केलेली तालीम यांचें काय करावयाचें? अल्लादियाखां हे १८९५ पासून आमच्या दरबारचे गवई होते.

कोल्हापुरासंबंधीं एका गैरसमजाचा उलगडा करून थांबतों. येथील तालमींत थंडाई घोटली जाते, आणि तालमींच्या आश्रयानें शाहिरी फुलली, हीं दोन्हीं विधानें बरोबर आहेत. पण उत्तरेकडील रूढीवरून या थंडाईंत भांग गृहीत धरणें चूक आहे. ती बदाम, खसखस, बडीशेप व मिरीं यांची, पैलवानाच्या खुराकाची असते. फडांचा खरा हिशेब लावावयाचा तर करवीर दरबारच्या मोडी कागदांत शाहिरांस दिलेल्या बिदागीच्या व इनामाच्या नोंदी एका बाजूस, आणि अबकारी मक्त्यांच्या नोंदी दुसऱ्या बाजूस, सालवार मांडून पाहिल्या पाहिजेत. त्यांबरोबर शाहिरांच्या वंशजांच्या घरीं असलेलीं लावण्यांचीं बाडेंही तपासावीं लागतील. मोडी वाचूं शकणाऱ्या एखाद्या तरुण अभ्यासकानें हें काम अंगावर घेतल्यास आम्ही वाचनास व ताडून पाहण्यास आनंदानें साहाय्य करूं.