ओट्याचा अभ्यास

वास्तुकलेच्या जुरीला हल्ली मार्टिन हायडेगर हमखास हजर असतो. माणसाच्या वसण्याविषयी त्याने १९५१ साली डार्मश्टाटला दिलेले व्याख्यान मुळातून वाचणारे विद्यार्थी थोडेच. पण त्यातली दोन वाक्ये शीटच्या कोपऱ्यात छापली की कॉन्सेप्टला वजन येते, अशी समजूत आहे. ती वाक्ये पुसली तर प्लॅनमधली एक तरी भिंत हलते का, एवढेच मी पाहतो. बहुतेक वेळा हलत नाही.

डच वास्तुकार आल्डो वान आइक या कसोटीला उतरतो. दोन माणसांच्या मध्ये जे घडते त्याविषयीचा मार्टिन बूबरचा विचार त्याने मनावर घेतला होता. ॲम्स्टरडॅममधल्या त्याच्या अनाथालयात (१९६०) मुलांना आत आणि बाहेर यांच्या मध्येच रेंगाळता यावे असे उंबरे, पायऱ्या, बसायचे कोपरे आहेत. तत्त्वज्ञान तिथे काँक्रीटपर्यंत पोचले.

मानवशास्त्राचा हिसका वेगळा. तत्त्ववेत्ता नुसता 'माणूस' म्हणतो. मानवशास्त्रज्ञ विचारतो, कोणता माणूस, कुणाची सून, कुठल्या आळीतला? इजिप्तच्या हसन फतहीला या प्रश्नांची जाण होती. लक्झरजवळचे न्यू गुर्ना हे गाव त्याने १९४५नंतर मातीच्या विटांत बांधायला घेतले, तेव्हा विहिरीवर जाणे ही मुलींना चारचौघांत दिसण्याची आणि त्यातून लग्न जुळण्याची संधी असते, इथपर्यंत त्याने विचार केला होता. तरीही गाव बरेचसे रिकामेच राहिले. जुन्या गुर्नाच्या लोकांची रोजीरोटी पायाखालच्या प्राचीन थडग्यांवर होती. त्यांना हलायचेच नव्हते. सरकारला त्यांना का हलवायचे आहे, हा प्रश्न घुमटांच्या सौंदर्याआधीचा होता.

पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींची इंदूरची अरण्य वसाहत मला या सगळ्यांत मोलाची वाटते. त्यांच्या वास्तुशिल्प फाउंडेशनने कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या अभ्यासकांबरोबर इंदूरच्या झोपडवस्त्या बारकाईने नोंदवल्या. दारापुढची पायरी, झाड, चिमुकले दुकान, घरातच चालणारा धंदा, भिंतीला टेकवलेली सायकल हे सगळे त्या नोंदीत आले. मग सुमारे साडेसहा हजार भूखंडांच्या आराखड्यात गरिबांच्या वाट्याला जोते, संडास-पाण्याची सोय आणि पुढे वाढायला जागा एवढेच ठेवले. नमुन्यादाखल ८० घरे बांधली. त्यांचे ओटे आणि बाहेरचे जिने त्या पाहणीतूनच आलेले. १९९५मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला. पुढे मध्यमवर्ग वसाहतीत शिरला, ही टीकाही झाली आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. निरीक्षणाने प्लॅन सुधारतो. जमिनीचा बाजार त्याने आवरत नाही.

असे निरीक्षण नसले की काय होते, ते आपल्याकडे किल्लारीत दिसले. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागातली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे माळवद यांनीच माणसे गाडली होती, तेव्हा लोकांनी दगडाची धास्ती घेतली यात नवल नाही, आणि मजबूत बांधकामाचा आग्रहही रास्तच. घोटाळा झाला तो आखणीत. कुटुंबाच्या जमिनीवरून घर २५०, ४०० की ७५० चौरस फुटांचे ते ठरले आणि सारख्या आकाराची घरे सरळ, रुंद रस्त्यांच्या कडेने ओळीत लागली. जुन्या गावात अरुंद गल्ली, मग ढाळज, मग आतला चौक. बाईला रस्त्याच्या नजरेआड धान्य निवडता येई, वाळवण घालता येई. नव्या घराचे दार रस्त्यावरच उघडू लागले. भाऊबंद निरनिराळ्या ओळींत गेले. पुढे लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे कुंपणभिंती घालून आवार परत मिळवले, म्हणजे जी दुरुस्ती कागदावर व्हायची ती त्यांनी पदरमोड करून केली.

हे आपल्याला ठाऊक नव्हते असे म्हणायला जागा नाही. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केलेली पाहणी १९६९ सालीच छापून आली होती. वास्तुकलेच्या किती विद्यार्थ्यांच्या हाती ती पडते?

हाती पडते ते वाड्याचे मेझर्ड ड्रॉइंग. दरवर्षी पोरे टेप घेऊन जातात, खण मोजतात, खांबाच्या तळखड्याचा छेद बिनचूक काढतात. चौकात कुणी बसायचे, बाळंतिणीची खोली कोणती, विटाळशी बाई कुठे, दलितांनी कोणत्या दाराशी थांबायचे, यातले काहीच त्या शीटवर नसते. तोच वाडा मग पुढल्या सत्रात एखाद्या रिसॉर्टचा कॉन्सेप्ट होतो, आणि जुरीतही कुणी काही विचारत नाही.